वाचनालयासाठी आमदारांना भेटायचंय? बेळगाव सीमाभागातून वारंवार येणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या वाचनालयांच्या वाचकांसाठी आणि हितचिंतकांसाठी आम्ही एक दिवसाची शिबिरं घेतो, लोकप्रतिनिधींपुढे वाचनालयाची बाजू कशी मांडायची ते शिकवायला. शिबिर संपलं की व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा तेच प्रश्न येतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवलेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. आमदारांकडे जायचं म्हणजे राजकारणात पडायचं का? आमचं वाचनालय सगळ्या पक्षांच्या लोकांचं आहे.

रस्त्यासाठी, पाण्यासाठी अख्खं गाव आमदारांकडे जातंय तेव्हा कोणी विचारत नाही की तुम्ही कुठल्या पक्षाचे. वाचनालयासाठी जाणंही तसंच. फक्त संस्थेच्या लेटरहेडवर कुणाला मत द्या असं येता कामा नये आणि संस्थेचा एक रुपयाही कुणाच्या प्रचारात जाता कामा नये. आम्ही अजून एक कसोटी सांगतो, जे निवेदन आज आमदारांना देताय तेच उद्या त्यांच्या विरोधकाला एक शब्दही न बदलता देता आलं पाहिजे. देता येत असेल तर काळजी करू नका, बिनधास्त जा.

२. ग्रंथालय कर म्हणतात तो काय असतो? आम्ही तर असला कर कधी भरला नाही.

भरलाय. घरपट्टीची पावती काढून बघा. मूळ घरपट्टीच्या खाली आरोग्य, शिक्षण, ग्रंथालय, भिक्षुक निवारण अशा ओळी असतात आणि प्रत्येकीपुढे थोडी थोडी रक्कम असते. ग्रंथालयाच्या ओळीतली रक्कम मूळ घरपट्टीच्या शेकडा ६ असते. पावती कन्नडमध्ये असते, ज्यांना वाचता येत नाही त्यांनी शाळेतल्या पोराला जवळ बसवून वाचून घ्या. समजा घरपट्टी १,२०० रुपये असेल तर त्यावर ७२ रुपये तुम्ही वाचनालयासाठी दिलेत, आणि गावात अशी ८०० घरं असतील तर वर्षाला ५७,६०० रुपये झाले. (हा हिशेब फक्त समजण्यासाठी आहे, तुमच्या गावाचा खरा आकडा कसा मिळवायचा ते १३ मध्ये आहे.)

हा कर कर्नाटक सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६५ खाली येतो. सगळ्या राज्यांत अशी सोय नाही, महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्यात असा वेगळा कर नाही, तिथं सरकारी अनुदानावर चालतंय. आणि देशातला पहिला ग्रंथालय कायदा आपल्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानानं १९४५ ला केला होता हेही शिबिरात आम्ही मुद्दाम सांगतो, कारण वाचनालयासाठी कायदा असणं ही आपल्या मुलखाला नवीन गोष्ट नाही.

हे सगळं एवढं लांबवून सांगायचं कारण असं की आपली माणसं आमदारांपुढे जातात ती हात जोडून, काहीतरी द्या साहेब म्हणत. गोष्ट मुळात तशी नाहीच. पैसा आपण भरलाय. तो गोळा किती झाला, वाचनालयापर्यंत पोचला किती आणि राहिलेला कुठं आहे, हे विचारायचा आपला हक्क आहे. नम्रपणे विचारा, पण विचारा. आमच्या शिबिरातून माणसानं एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर ती ही, म्हणून सकाळचा पहिला तास आम्ही सगळ्यांना घरपट्टीच्या पावत्या आणायला लावून त्यावरच घालवतो.

३. आमचं वाचनालय नक्की कुणाच्या हाताखाली येतं? प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

हे आधी पक्कं करा, नाहीतर सहा महिने चुकीच्या दारात जातील.

गावातलं ग्रामपंचायतीचं वाचनालय असेल, ज्याच्यावर आता बऱ्याच ठिकाणी 'अरिवु केंद्र' (म्हणजे ज्ञान केंद्र) असा बोर्ड लागलाय, तर ते ग्रामीण विकास आणि पंचायत राज खात्याकडे आहे. पूर्वी ही वाचनालयं ग्रंथालय खात्याकडे होती, २०१९ च्या सुमारास ती पंचायत राजकडे गेली. म्हणजे तुमची वाट पीडीओ (ग्रामपंचायतीचे विकास अधिकारी), मग तालुका पंचायतीचे ईओ (कार्यकारी अधिकारी), मग जिल्हा पंचायतीचे सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी) अशी आहे, आणि मंत्री म्हणाल तर पंचायत राज मंत्री. शहरातलं सरकारी वाचनालय आणि त्याच्या शाखा मात्र अजून सार्वजनिक ग्रंथालय खात्याकडेच आहेत आणि ते खातं शालेय शिक्षण विभागात येतं, म्हणून तिथं शिक्षणमंत्र्यांच्या नावानं निवेदन.

तिसरा प्रकार आपल्याकडे सगळ्यात जुना आणि सगळ्यात लाडका, लोकांनी काढलेली संस्थेची वाचनालयं. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं आहे, शहापूरचं सरस्वती वाचनालय आहे, गावोगावी मंडळांनी चालवलेली आहेत. ही नोंदणीकृत संस्था असतात, मालक सभासद, आणि सरकारकडून जे मिळेल ते अनुदान किंवा मदत म्हणून. इथं मागणीची भाषाच वेगळी होते, कारण 'तुमचं वाचनालय नीट चालवा' असं आमदारांना म्हणता येत नाही, 'आम्ही चालवतोय, एवढा हातभार लावा' असं म्हणावं लागतं. कर मात्र या संस्थांचे सभासदही भरतातच, ते सांगायला लाजू नका.

४. आमचे आमदार कोण ते माहीत आहे. अजून कुणाला भेटायचं असतंय का?

असतंय, आणि इथंच बरेच जण चुकतात. बेळगाव जिल्ह्यात विधानसभेचे १८ मतदारसंघ आहेत. खासदार कोण हे मात्र जिल्ह्यावरून ठरवू नका. खानापूर आणि कित्तूर हे दोन विधानसभा मतदारसंघ जिल्ह्यानं बेळगावचे असले तरी लोकसभेला उत्तर कन्नडमध्ये जातात. खानापूर तालुक्यातली माणसं बेळगावच्या खासदारांना निवेदन देऊन येतात आणि मग उत्तराची वाट बघत बसतात. निपाणी, चिकोडी, अथणी, हुक्केरी, यमकनमर्डी ही चिकोडी लोकसभेत येतात.

आणि विधान परिषद विसरू नका. वायव्य पदवीधर आणि वायव्य शिक्षक असे दोन मतदारसंघ आहेत, बेळगाव, विजापूर आणि बागलकोट जिल्ह्यांचे मिळून, शिवाय बेळगाव स्थानिक स्वराज्य संस्थांमधून दोन सदस्य निवडून जातात. आमच्या मते वाचनालयासाठी पदवीधर आणि शिक्षक आमदारांकडे आधी जावं. त्यांचे मतदारच शिकलेले, स्पर्धा परीक्षा देणारे, शिकवणारे. गटारी-रस्त्यांची गर्दी त्यांच्या दारात कमी असते, बसून ऐकून घ्यायला वेळ मिळतो, आणि सभागृहात प्रश्न त्यांनाही विचारता येतो. तुमच्या वाचनालयात अभ्यासाला बसणाऱ्यांपैकी पदवीधर मतदार म्हणून नाव नोंदवलेली पोरं किती ते मोजून जा.

५. आमदार निधीतून वाचनालयाला पैसे मिळतात का?

मिळू शकतात. कर्नाटकात विधानसभा आणि परिषद, दोन्हीकडच्या सदस्यांना स्थानिक विकास निधी वर्षाला २ कोटी रुपये असतो, खासदारांचा ५ कोटी. आमदारांनी काम सुचवायचं, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्यांकडून. हा निधी टिकाऊ कामांसाठीचा आहे, म्हणून खोली, छप्पर, संडास असली मागणी त्यात बसते, मासिकांची वर्गणी किंवा ग्रंथपालाचा पगार बसत नाही. जागेचे कागद स्वच्छ हवेत. जागा कुणाच्या नावावर आहे यावरच निम्मी प्रकरणं अडतात, तेव्हा उतारा आधी काढून ठेवा.

पुस्तकांसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना आहेत. केंद्र सरकारची संस्था आहे, १९७२ पासूनची. त्यांच्याकडे आमदार-खासदारांचं शिफारसपत्र जोडून अर्ज करा, म्हणजे आमदारांकडे पैशाऐवजी एक पत्र मागायचंय. ते देणं त्यांना सोपं जातंय.

६. शिबिरात नक्की काय करून घेता? भाषण करायला शिकवता का?

भाषण विसरायला शिकवतो म्हटलं तरी चालेल. खरं सांगायचं तर आमदारांकडे बसून बोलायला मिळतंच असं नाही. सकाळी घरी गर्दी असते, ऑफिसात पीए मध्ये मध्ये येतो, कोणीतरी लग्नपत्रिका घेऊन पुढे घुसतं, फोन वाजतो. म्हणून शिबिरात आम्ही दोन खुर्च्या मांडतो, एकजण आमदार होतो, दुसऱ्यानं दोन मिनिटांत सांगायचं आणि बाकीच्यांनी मुद्दाम अडथळे आणायचे. फोन वाजवायचा, पत्रिका आणायची. मग तेच पुन्हा एका मिनिटात. मग शेवटी गाडीच्या दारापाशी उभं राहून, आमदार निघालेत, तेवढ्यात काय सांगाल ते.

पीयूसीला (अकरावी-बारावीला) शिकणाऱ्या मुलीनं असं बोललं तर पुरतं: "नमस्कार साहेब, मी पीयूसी सेकंड इयरला आहे. घरात सहा माणसं आणि खोल्या दोन, म्हणून मी अभ्यासाला वाचनालयात बसते. कॉलेजची बस साडेपाचला गावात येते आणि वाचनालय पाचला बंद होतं. माझ्यासारख्या अजून नऊ मुली आहेत, त्यांची नावं या कागदावर आहेत. सात वाजेपर्यंत उघडं ठेवायला पीडीओंना सांगाल का?"

बघा, यात वाचनाचं महत्त्व वगैरे एकही वाक्य नाही. बस किती वाजता येते ते आहे. मागणी एक आहे, ती आमदारांना तिथल्या तिथं फोन लावून करता येण्यासारखी आहे आणि शेवटी प्रश्न आहे, ज्याला हो किंवा नाही असं उत्तर द्यावंच लागतं. इमारत, निधी, पुस्तकं सगळं एकदम मागितलं की "बघू या, करू या" एवढंच हातात पडतं. पहिल्या भेटीला लहान मागणी न्या, ती झाली की आभार मानायला जा आणि तेव्हा मोठी काढा.

७. बोलायला कुणाला न्यायचं? आमचे अध्यक्ष चांगलं बोलतात.

अध्यक्ष ओळख करून देतील आणि गप्प बसतील. बोलेल तो वाचक. रोज पेपर वाचायला येणारे रिटायर मास्तर, केएएसचा (राज्य प्रशासकीय सेवेचा) अभ्यास करणारा पोरगा, बचतगटातल्या वहिनी, सहावीतलं पोर. चार-पाचजण पुरेत, वीसजण नेलेत तर मोर्चा वाटतो आणि कोणालाच नीट बोलता येत नाही. त्यातला एकतरी त्या आमदारांच्या मतदारयादीतला आणि शक्यतो त्यांच्या ओळखीतल्या घरातला असावा. बायका असल्याच पाहिजेत, आपल्याकडे निवेदन देतानाच्या फोटोत नुसते पुरुषच उभे असतात.

पोरं नेत असाल तर एक आठवण ठेवा. २०२० मध्ये 'ओदुव बेळकु' नावाचा सरकारी उपक्रम सुरू झाला, त्यात ६ ते १८ वर्षांच्या मुलांना ग्रामपंचायत वाचनालयाचं सभासदत्व फुकट आहे. तुमच्या गावात किती पोरांना कार्ड मिळालं ते त्या पोरांनाच सांगू द्या. शाळा बुडवून नेऊ नका आणि आईबापांना विचारल्याशिवाय फोटो टाकू नका.

८. निवेदन कसं लिहायचं? किती पानं?

एक पान. वर कुणाला, कुणाकडून, तारीख. पहिल्या ओळीत मागणी. मग तीन-चार ओळींत परिस्थिती, आकड्यांसकट: सभासद किती, रोज येणारे किती, वाचनालय किती तास उघडं, शेवटची नवीन पुस्तकं कधी आली. आकडे तुमच्या रजिस्टरचे असावेत, अंदाजाचे नकोत, कारण आमदार पीडीओंना तिथंच विचारतात आणि आकडा खोटा निघाला की सगळंच निवेदन पातळ होतं. खाली सह्या आणि एक मोबाईल नंबर. सोबत दोन फोटो. "आपण ग्रंथप्रेमी आहात, थोर आहात" हा परिच्छेद काढून टाका, तिथं अजून एक आकडा बसतो.

दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर तारखेसकट पोच घ्या. पीए सही द्यायला कां कूं करत असेल तर तेच निवेदन स्पीड पोस्टानंही पाठवा.

९. निवेदन मराठीत दिलं तर घेतात का?

घ्यायला पाहिजे. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमात स्पष्ट आहे की राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत माणसाला आपलं गाऱ्हाणं कुठल्याही अधिकाऱ्यापुढे मांडता येतं. मराठी इथं वापरात आहे याला पुरावा लागत नाही. मात्र त्याच भाषेत उत्तर दिलंच पाहिजे असं त्या कलमात नाही.

आमचा सल्ला, मराठी निवेदन आणि त्यामागे कन्नड प्रत टाचून द्या. हक्क सोडा असं आम्ही म्हणत नाही, मराठी पान वरच ठेवा. पण ते निवेदन आमदारांकडून पुढे बेंगळूरला किंवा सीईओंच्या टेबलावर जाणार असतं, आणि तिथल्या क्लार्कला वाचता आलं नाही तर ते फायलीतच पडून राहतं. आपल्याकडे गल्लीत कन्नड माध्यमात शिकलेली पोरं असतात, त्यांच्याकडून लिहून घ्या, तीही वाचनालयाची वाचकच असतात. माहिती अधिकाराच्या अर्जाचं प्रकरण वेगळं आहे, ते १३ मध्ये बघा.

१०. आमदार फक्त कन्नडमध्ये बोलतात आणि आम्हाला धड येत नाही. मग?

नमस्कार, स्वतःचं नाव आणि मागणीचं एक वाक्य, एवढं कन्नडमध्ये पाठ करा, शिबिरात करून घेतो. पुढचं मराठीत बोला, सोबतचा माणूस सांगेल. सीमाभागातले बहुतेक पुढारी मराठी समजतात. मोडकं का असेना, समोरच्याच्या भाषेत सुरुवात केली की खोलीतलं वातावरण बदलतं, हे आम्ही पुन्हा पुन्हा बघितलंय.

११. मराठी पुस्तकं मागितली की लगेच सीमाप्रश्नाचा रंग येतो. काय करायचं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि नीट विचार करून बोलण्यासारखा.

सीमाप्रश्नाबद्दल तुमचं मत काहीही असो, ते तुमचं. १९५६ पासून तो इथं प्रत्येक घरात आहे, २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, आणि त्याचा निकाल जो लागेल तो लागेल. वाचनालयातल्या आजीला मराठी पुस्तक मात्र या आठवड्यात पाहिजे. म्हणून ही मागणी वाचकांच्या संख्येवर उभी करा. रजिस्टर काढा, महिन्याभरात कुठल्या भाषेची किती पुस्तकं बाहेर गेली ते मोजा आणि कपाटात कुठल्या भाषेची किती आहेत तेही मोजा. नेलेल्या पुस्तकांत मराठी निम्मी आणि कपाटात दहातलं एक, असलं काही निघालं तर तो कागदच बोलतो. त्याच निवेदनात कन्नड वाचकांना काय कमी पडतंय तेही लिहा, खरोखर कमी पडत असेल तर. येळ्ळूरच्या मराठी वाचकाला आणि त्याच वाचनालयात येणाऱ्या कन्नड पोराला कपाट एकच आहे.

आधार हवा असेल तर भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या राष्ट्रीय तरतुदींत असं आहे की एखाद्या तालुक्यात किंवा नगरपालिकेत १५ टक्के किंवा जास्त लोक अल्पसंख्य भाषेचे असतील तर महत्त्वाची कागदपत्रं, नियम, नोटिसा त्या भाषेतही द्याव्यात. पुस्तक खरेदीला हे थेट लागू होत नाही, म्हणून त्यावर भांडू नका, पण वाचनालयाच्या नियमांचा बोर्ड आणि सभासद फॉर्म मराठीतही मागायला हे उपयोगी आहे.

भेटीच्या दिवशी घोषणा नकोत, झेंडे नकोत. कार्यकर्ते म्हणून तुम्ही दुसऱ्या दिवशी कुठल्याही मेळाव्याला जा, पण दोन्हीची तारीख आणि बॅनर वेगळं ठेवा. आणि समोरून कुणी चिडून बोललं तर "साहेब, रजिस्टर बघा" एवढंच म्हणा, तिथून हलू नका.

१२. वर्षातून केव्हा भेटलेलं बरं?

१४ ते २० नोव्हेंबर राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह असतो. त्या आठवड्यात आमदारांना वाचनालयातच बोलवा, व्यासपीठ न बांधता, संध्याकाळी पोरं अभ्यासाला बसलेली असतात त्या वेळेला. हिवाळी अधिवेशन बहुतेक डिसेंबरात बेळगावला भरतं, म्हणजे प्रश्न विचारायला हवा असेल तर तो नोव्हेंबरातच त्यांच्या हातात पडला पाहिजे, कारण प्रश्नाची सूचना बरेच दिवस आधी द्यावी लागते. राज्याचं बजेट फेब्रुवारी-मार्चला येतं, खात्यांकडून मागण्या त्याआधीच गेलेल्या असतात, म्हणून बजेटसाठीचं निवेदन मार्चमध्ये देऊन उपयोग नाही. पंचायतीचा आराखडाही त्याच सुमारास ठरतो, ग्रामसभेत आणि वॉर्डसभेत मागणी तोंडी करून थांबू नका, ठरावात लिहून घ्या. १२ ऑगस्ट, डॉ. रंगनाथन यांची जयंती, ग्रंथपाल दिन, त्या दिवशी ग्रंथपालांचा सत्कार आमदारांच्या हस्ते ठेवता येतो.

आपल्याकडची अजून एक जमेची बाजू म्हणजे गावोगावची साहित्य संमेलनं, कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी. तिथं वाचनालयाचा ठराव मांडा आणि ठरावाची प्रत दुसऱ्या दिवशी पोच घेऊन आमदारांकडे द्या. ठराव टाळ्या वाजवून पास होतो आणि संयोजकांच्या कपाटात राहतो, ते होऊ देऊ नका.

१३. आमच्या गावात कर किती गोळा झाला ते कसं काढायचं?

आधी पीडीओंना सरळ विचारा, बरेचजण सांगतात. नाही सांगितलं तर माहिती अधिकार. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. अर्जाची भाषा कायद्यानं इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा, म्हणून इथं मराठीवर अडून बसू नका, कन्नड किंवा हिंदीत द्या. विचारायचं काय, तर गेल्या तीन आर्थिक वर्षांत ग्रंथालय कर किती जमा झाला, त्यातला वाचनालयावर किती खर्च झाला, पुढे भरला असेल तर किती आणि कुठल्या तारखेला. एवढं १५० शब्दांत आरामात बसतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयाच्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा.

उत्तर हातात आलं की लगेच पेपरवाल्यांकडे धावू नका. आधी पंचायतीचे अध्यक्ष आणि आमदारांना दाखवा आणि सुधारायला थोडा वेळ द्या. नसेल सुधारत तर पेपर आहेतच, आपल्याकडे मराठी पेपर वाचनालयाच्या बातमीला जागा देतात.

१४. अधिवेशनाच्या वेळी सुवर्णसौधला (बेळगावच्या विधानभवनात) जाऊन भेटलं तर?

आत जायला पास लागतो, तो आमदारांच्या ऑफिसातूनच होतो, आधी सांगून ठेवा. सुवर्ण विधानसौध २०१२ ला सुरू झालं तेव्हापासून राज्याचे मंत्री बहुतेक वर्षी एकदा आपल्या दारात येतात, बेंगळूरची रात्रभराची बस वाचते, त्याचा फायदा घ्यावाच. पण गर्दी प्रचंड, आंदोलनांचे तंबू, पोलीस बंदोबस्त, हायवेवर ट्रॅफिक. चारजणांचं शिष्टमंडळ आणि ठरलेली वेळ असेल तरच जा. आमच्या अनुभवात ज्या खात्याचं काम आहे (३ बघा) त्या मंत्र्यांच्या पीएकडे निवेदन आणि पोच, एवढं झालं तरी तो दिवस कारणी लागला.

अमेरिकेत ग्रंथालयवाले १९७५ पासून वर्षातला एक दिवस ठरवून राजधानीत आपापल्या लोकप्रतिनिधींना भेटायचे. तसं इथं तालुक्यातल्या सगळ्या वाचनालयांनी मिळून एक दिवस ठरवायला काय हरकत आहे?

१५. आमदार हो म्हणाले, फोटो काढला, पुढे काहीच झालं नाही.

भेट म्हणजे काम सुरू झालं, संपलं नाही. दोन-तीन दिवसांत आभाराचा मेसेज टाका आणि त्यातच काय ठरलं ते लिहा, "आपण पीडीओंना सांगतो म्हणालात त्याबद्दल आभार" असं. पंधरा दिवसांनी पीएला फोन. पीएचं नाव, त्याची वेळ, त्याचा स्वभाव हे वहीत लिहून ठेवा, कारण काम शेवटी तोच आठवण करून देतो. त्यानंतर तालुक्याची केडीपी बैठक (विकासकामांच्या आढाव्याची) कधी आहे ते काढा. ती आमदारांच्या अध्यक्षतेखाली होते, सगळे अधिकारी समोर असतात, आणि वाचनालयाचा विषय तिथं निघाला की त्याची नोंद होते. बैठकीच्या आदल्या दिवशी पीएला एक ओळीची आठवण पाठवा. तरी हललं नाही तर १९०२ या राज्य सरकारच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर जपून ठेवा.

१६. आमचे ग्रंथपाल पगारी सरकारी आहेत. त्यांना सोबत नेऊ का?

नेऊ नका. सरकारी नोकरानं स्वतःच्या खात्याच्या कामासाठी राजकीय वजन आणणं सेवानियमात बसत नाही आणि भुर्दंड त्यांनाच बसेल. ग्रामपंचायत वाचनालयाचे मेल्विचारक (तिथलं काम बघणारे पर्यवेक्षक) तर अजूनच अडचणीत, रोज त्याच पीडीओंसमोर उभं राहायचं असतं. त्यांच्याकडून आकडे घ्या, तेही रजिस्टरमधले, आणि बोला तुम्ही. त्यांच्या पगाराचा विषय काढायचा असेल तर वाचक म्हणून तुम्ही स्वतंत्र निवेदन द्या, त्यात त्यांचं नाव नको. अनुदानित शाळेतल्या शिक्षकांनीही आधी मुख्याध्यापकांना विचारून घ्यावं.

१७. निवडणूक लागली की काय?

आचारसंहिता लागली की सत्तेतल्या माणसांना नवीन निधी, नवीन काम जाहीर करता येत नाही, तेव्हा तसलं काही मागून त्यांनाही अडचणीत आणू नका. पण सगळ्या उमेदवारांना एकच कागद द्यायला कुणाची ना नाही: निवडून आलात तर वाचनालयासाठी काय कराल. उत्तरं आली तशी वाचनालयाच्या बोर्डावर लावा, ज्यांनी दिलं नाही त्यांच्यापुढे "उत्तर आलं नाही" एवढंच. सगळ्यांना एकाच दिवशी दिलं पाहिजे, एकालाही वगळलं तर १ मधली कसोटी मोडते.

१८. महाराष्ट्रातल्या मंत्र्यांना भेटलं तर लवकर काम होईल ना?

सीमाभागातल्या मराठी संस्थांना महाराष्ट्रातून मदत झालेली आहे, पुस्तकांसाठी, कार्यक्रमांसाठी जरूर भेटा. पण तुमचा ग्रंथालय कर, तुमच्या पंचायतीचं वाचनालय, शहरातल्या शाखेची वेळ, यातलं काहीही मुंबईहून बदलत नाही. संस्थेचं वाचनालय असेल तर दोन्हीकडे जा आणि हिशेब वेगवेगळे ठेवा, कुठला पैसा कुठून आला ते कधीही दाखवता आलं पाहिजे.

१९. आमदार निधी द्यायला तयार आहेत, पण वाचनालयाला त्यांच्या घरातल्या माणसाचं नाव द्या म्हणतात.

सरकारी निधीतून काम झालं की योजनेचा आणि निधीचा फलक लागतोच, त्याला हरकत घेऊ नका. पण अख्ख्या वाचनालयाचं नाव बदलणं हा संस्थेच्या सर्वसाधारण सभेचा विषय आहे, दोन-चार पदाधिकाऱ्यांनी आमदारांच्या घरी बसून होकार देऊ नये. "साहेब, सभेपुढे ठेवतो" असं सांगा आणि खरोखरच ठेवा. मधला रस्ता म्हणून नवीन अभ्यासिकेला किंवा एका कपाटाला नाव देता येतं, तेही सभेच्या ठरावानं. जुन्या देणगीदारांची नावं भिंतीवर असतील तर ती काढू नका.

२०. शेजारच्या गावचं वाचनालयही त्याच आमदारांकडे जातंय. आमचं मागे पडेल का?

उलट एकत्र जा. एका गावचं छप्पर आणि एका गावची पुस्तकं अशा दोन मागण्या एकाच आठवड्यात गेल्या तर दोन्ही 'बघू' मध्ये जातात. दोन-चार गावच्या लोकांनी आधी बसून ठरवा की यंदा पहिलं कुणाचं, आणि पुढच्या वर्षी कुणाचं तेही लिहून सह्या करा. ज्यांचा नंबर पुढच्या वर्षी आहे त्यांनीही यंदा सोबत यायचं. समान मागणी असेल तर, उदाहरणार्थ सगळ्या अरिवु केंद्रांची संध्याकाळची वेळ, एकच निवेदन करा आणि प्रत्येक गावच्या रजिस्टरचा आकडा वेगळ्या ओळीत द्या, म्हणजे आमदारांना आपल्या मतदारसंघातलं प्रत्येक गाव त्या एका पानावर दिसतं.